जिथे नातवंडं पाहुणी असतात

एखाद्या गावाच्या वेशीवर पाटी दिसली, ‘इथे राहायला वय ५५ पूर्ण हवं!’ तर? चेष्टाच वाटेल ना? पण अमेरिकेत अशी गावं खरोखर आहेत. ॲरिझोना राज्यातलं सन सिटी १९६० साली वसलं, ते निवृत्त माणसांसाठीच. काही वस्त्यांत तर घरांना चक्क चाकं असतात! चूल, पलंग, न्हाणीघर सगळं गाडीतच. उत्तरेत बर्फ पडू लागला, की आजी-आजोबा गाडी हाकत दक्षिणेच्या उबेला येतात. १९९५ सालच्या कायद्याप्रमाणे, मुलाबाळांच्या कुटुंबांना ‘नाही’ म्हणायचं असेल, तर वस्तीतल्या शंभरांपैकी किमान ऐंशी घरांत ५५ वर्षांचं एक तरी माणूस राहत असावं लागतं. नातवंडं येतात, पण पाहुणी म्हणून.

हे मी वर्गात सांगत होते, तर एक मुलगी पटकन म्हणाली, “बाई, आमच्या वाडीतपण म्हातारी माणसंच आहेत की! नुसती पाटी नाही लावली.”

मी गप्पच झाले. खरंच होतं तिचं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी भागातली तरुण माणसं पोटासाठी मुंबई-पुण्याला जातात. मुंबईत १८९० साली डबे पोचवायचं काम सुरू झालं. त्या डबेवाल्यांत जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले इकडचे पुष्कळ. आयुष्यभर डबे वाहून थकलेले आजोबा गावी परततात, तेव्हा त्यांचा मुलगा मुंबईत असतो. चैत्रात यात्रेला घरं गजबजतात. पाहुणे गेले, की पुन्हा ओटीवर दोघंच!

मग गंमत बघा. तिकडे घर स्वतःचं, पण पुष्कळदा गाडी उभी करायची जागा भाड्याची. भाडं वाढलं, तर थकल्या जिवाने जायचं कुठे? इकडे घर आपलं, जमीन आपली, पण हिरड्याच्या झाडावर चढायला तरणं माणूस नाही. रात्री दुखलं-खुपलं, तर दवाखाना लांब आणि एसटी सकाळी. पुण्यात ज्येष्ठांसाठी खास गृहसंकुलं झाली आहेत, तिथे सोयी आहेत. पण त्या काही सगळ्यांच्या खिशाला परवडत नाहीत.

मुलं आईवडिलांना सांभाळत नसतील, तर त्यांच्याकडून निर्वाहखर्च मिळवून देणारा कायदा २००७ साली आपल्याकडे झाला. पण शेजारी बसून गप्पा मारायला कायदा येत नाही, बरं का!

२०५० साली आपल्या देशात दर पाच माणसांत एक साठीच्या पुढचं असेल, असा अंदाज आहे. तेव्हा तुम्ही चाळिशीच्या आसपास असाल. वाडीत दवाखाना हवा, वेळेवर एसटी हवी, हे ग्रामसभेत तुम्हीच मांडाल ना?

तोवर एक सोपं काम. आज शाळेतून येताना शेजारच्या एकट्या आजींच्या दारात थांबा. हंडा उचलून द्या, गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचून दाखवा. आणि हो, पाच मिनिटं बसा. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं.