तर्रीचा डाग आणि ज्वारीचं पीठ
आष्टीतल्या एका लग्नात वाढप्या पोराच्या हातून वांग्याच्या रश्श्याची बादली कलंडली. कार्यालयाच्या लाल कार्पेटवर तर्रीचा हातभर ओघळ. पोरगं ओलं फडकं घेऊन घासायला बसलं, तशी स्वयंपाकघरातून मावशी ओरडल्या, “आरं, घासू नको, पसरंल ते! पीठ टाक आधी.” पीठ ज्वारीचंच. आमच्याकडे दुसरं कोणतं पटकन हाताशी सापडणार?

दहा मिनिटांत पांढरं पीठ केशरी झालं. मी उकिडवा बसून बघत राहिलो. पीठ तेल खात नाही. त्याच्या कणाकणांमध्ये बारीक फटी असतात आणि तेल त्यांतून आपणहून वर चढतं. समईच्या वातीतून चढतं, तसंच.

पण सगळं तेल निघत नाही, कारण त्याला कार्पेट सोडवत नाही. असली कार्पेटं बहुधा पॉलिप्रॉपिलीनची. हा धागा खनिज तेलातून जन्मलेला. पाणी त्याला नकोसं, तेल मात्र सोयऱ्यासारखं. समुद्रात जहाजातून तेल सांडलं, की ते टिपायला याच पॉलिप्रॉपिलीनच्या गाद्या पसरतात. म्हणजे वाढप्याने बादली सांडली ती नेमकी तेल टिपण्यात पटाईत असलेल्या धाग्यावर!

मग साबण. साबणाचा एक रेणू मिलिमीटरच्या पाच लाखाव्या भागाएवढा. त्याचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, शेपूट तेलाकडे. असंख्य शेपट्या तेलाच्या थेंबात घुसतात, डोकी बाहेर राहतात आणि तो थेंब धाग्यावरून सुटून पाण्यात तरंगू लागतो. रिठ्याचा फेस हेच करतो. सोनाराला आणि पैठणी जपणाऱ्या आजीला रेणूबिणू न शिकताही ते ठाऊक होतं.

इथे मात्र पोरगं दचकलं. कपड्याच्या साबणाचं पाणी पडताच पिवळा डाग लालभडक झाला. “मावशी, रक्तावानी झालं की!” मावशी हसल्या. साबणाचं पाणी अल्कधर्मी, आणि अल्क लागला की हळद लाल होते. हळदीपासून पारंपरिक कुंकू होतं ते याच किमयेने. इथून फार लांब नाही, सोलापूर जिल्ह्यातल्या केम गावचं कुंकू प्रसिद्ध आहे. लग्नात कार्पेटवर हळदीचं कुंकू झालं, एवढंच. साध्या पाण्याने साबण टिपून काढला, तसा लाल उतरून परत पिवळा आला. साबण असा काढावाच लागतो. तो चिकट राहिला, तर पुढच्या वऱ्हाडाच्या पायांची सगळी धूळ तिथेच बसते.

मला वाटलं, संपलं. मावशींना तसं वाटलं नाही. कार्पेट वाळताना पाणी वरच्या टोकांतून उडून जातं, खालचं पाणी वर चढतं आणि बुडाशी दडलेलं तेल-हळदही सोबत आणतं. पुन्हा वातच! म्हणून स्वच्छ दिसलेला डाग सकाळी उगवतो, आणि कार्यालयवाले धुणाऱ्याला शिव्या घालतात. मावशींनी डागावर जुन्या धोतराच्या चार घड्या घातल्या आणि वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं. आता वर चढणारं जे काही, ते धोतरात.

सकाळी पातेलं उचललं. कार्पेट लाल, कोरडं. धोतरावर पिवळा नकाशा. मावशींनी ते न धुताच उन्हात टाकलं. हळदीचा रंग उजेडात विरतो. दुपारी मी निघालो, तेव्हा नकाशाच्या कडा पुसट होत चालल्या होत्या.