ऱ्हाईनकाठचे किल्ले आणि जकात

जर्मनीत बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंत साधारण ६५ किलोमीटर ऱ्हाईन नदी डोंगरांच्या चिंचोळ्या खिंडीतून वाहते. दोन्ही काठांच्या उतारांवर द्राक्षमळे आणि त्यांच्या वर, कड्यांच्या टोकांवर, चाळीसएक किल्ले. प्रवासी बोटींवर ध्वनिक्षेपकातून शूर सरदारांच्या आणि नावाड्यांना भुलवणाऱ्या लोरेलायच्या कथा ऐकवल्या जातात. त्या ऐकण्यात मजा आहेच, पण एवढ्याशा टापूत इतके किल्ले कशासाठी, हा मूळ प्रश्न त्यांत हरवून जातो. माझ्या मते त्याचं उत्तर शौर्यात शोधण्यापेक्षा जकातीत शोधावं. मध्ययुगात रस्ते वाईट होते, त्यामुळे दारू, लाकूड, मीठ असा जड माल पाण्यावरूनच जाई. प्रवाहाविरुद्ध जाणारी बोट काठावरून घोडे ओढत नेत, म्हणजे तिचा वेग कमी आणि खिंडीत पळवाट नाही. जकात घेण्याचा हक्क मुळात सम्राटाचा. पण केंद्रीय सत्ता दुबळी होत गेली तसा तो सरदार आणि धर्माधिकाऱ्यांच्या हाती गेला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ऱ्हाईनवर साठच्या आसपास नाके होते.

काउब गावासमोरचा प्फाल्झग्राफेनश्टाइन पाहिला की हे लख्ख कळतं. तो डोंगरावर नाही, नदीच्या मधोमध खडकावर आहे. १३२७च्या सुमारास बव्हेरियाच्या लुडविगने तो बांधला तो जकातीसाठीच. शेजारच्या टेकडीवरचा किल्ला आणि काठावरचं गाव यांच्या जोडीने इथे बोटी अडवल्या जात. इथली वसुली थांबली ती १८६६-६७च्या सुमारास, म्हणजे आगगाडी धावू लागल्यानंतर! सांक्ट गोआरच्या राइनफेल्सची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तो १२४५मध्ये काट्सेनएल्नबोगेनच्या सरदाराने बांधला. त्याने जकात वाढवताच ऱ्हाईनकाठच्या शहरांनी एकजूट करून १२५५मध्ये किल्ल्याला वेढा घातला. वेढा वर्षभर चालला, पण किल्ला पडला नाही. तलवारी, तटबंदी, सैन्य सगळं त्यात होतं, तरी भांडण होतं ते व्यापाऱ्यांच्या खिशावरून.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक किल्ला काही नाका नव्हता. काही निवासस्थानं होती, काही सीमेवरची ठाणी. हे खरं आहे. पण माइन्झ, ट्रियर आणि कोलोन इथले आर्चबिशप आणि प्फाल्झचा राजपुत्र, असे सम्राट निवडण्याचा अधिकार असलेले चौघे या एकाच खोऱ्यात एकमेकांना खेटून होते. उत्पन्न देणाऱ्या नदीचा काठ हातचा जाऊ नये म्हणून एकाने किल्ला बांधला की दुसरा समोर बांधणार. ज्या किल्ल्याखाली नाका नव्हता, त्याच्याही असण्यामागे नदीच्या उत्पन्नाची चढाओढ बऱ्याचदा होती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आज बोटीतून दिसणारे कितीतरी बुरूज मध्ययुगातले नाहीतच. १६८९मध्ये चौदाव्या लुईच्या फौजांनी इथले अनेक किल्ले उद्ध्वस्त केले. राइनफेल्स त्यातून वाचला, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस क्रांतिकारी फ्रान्सच्या सैन्याने तोही सुरुंग लावून फोडला. १८१५मध्ये हा प्रदेश प्रशियाकडे गेला आणि राजघराण्यातल्यांनी पडके किल्ले घेऊन नव्याने उभारायला सुरुवात केली. राजपुत्र फ्रीडरिखने १८२०च्या दशकात राइनश्टाइन बांधून काढला. युवराज फ्रीडरिख विल्हेल्मने, पुढे तो राजा झाला, श्टोल्झेनफेल्स. नव्या मुलुखात आपली मुळं जुनी आहेत असं दाखवण्याची ती धडपड होती. लोरेलायची कथासुद्धा १८०१मध्ये कवी ब्रेंटानोने रचली आणि हाइनेच्या १८२४च्या कवितेने ती घरोघरी नेली. त्याच सुमारास, १८२७पासून, कोलोन आणि माइन्झदरम्यान वाफेच्या बोटी नियमित धावू लागल्या. मग हा सगळा देखावाच म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. जकातीने घडवलेलं खोरं एकोणिसाव्या शतकाने पाहण्याजोगं ठरवलं, आणि हे ठरवणंही इतिहासाचाच भाग आहे. २००२मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती एखाद्या किल्ल्याची नव्हे, अख्ख्या खोऱ्याची; आणि तिथे नदीच्या दोन हजार वर्षांच्या वाहतुकीला महत्त्व दिलं.

फक्त जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे बोटीवर स्पष्ट सांगितलं जावं, एवढा आग्रह धरायला हवा. तुलनेसाठी ब्राउबाखला उतरून मार्क्सबुर्ग जरूर पाहावा. या टापूतला डोंगरमाथ्यावरचा तो एकच किल्ला कधीच उद्ध्वस्त झाला नाही. १९००मध्ये जर्मन किल्ले-संवर्धन संस्थेने तो विकत घेऊन जपला.