सुरक्षित बाजारहाटाचें मोल

शहरांतील गिऱ्हाईक शेतमालास चार पैसे अधिक देत नाहीं, अशी आम्हां शेतकऱ्यांची नेहमींची तक्रार असते. तथापि सन २०२० च्या कोरोनाच्या सांथींत हेंच गिऱ्हाईक आपण होऊन अधिक पैसे देतांना आम्हीं पाहिलें. तें कशाचे पैसे देत होतें, ह्याचा विचार होणें अगत्याचें आहे.

मार्च २०२० च्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली. मे महिन्यांत तर वाशीचा मोठा बाजार आठवडाभर बंद राहिला. भाजीची गरज होतीच. परंतु मंडईंतील गर्दीची धास्ती घरोघर बसली होती. अशा वेळीं शेतकऱ्यांच्या गटांनीं पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या फाटकापर्यंत भाजी पोंचविली. फळें व भाजीपाला हा माल बाजार समितीच्या नियमनांतून २०१६ सालींच मुक्त झाला असल्यामुळें ह्या थेट विक्रीस कायद्याची आडकाठी नव्हती.

आमच्या गांवच्या गटानेंही ठरावीक किमतीच्या पिशव्या भरून पाठविल्या. किंमत मंडईच्या भावाहून अधिक होती, तरी कोणी घासाघीस केली नाहीं. जमाखर्च लिहिण्याचें काम आमच्याकडे होतें. निवडणावळ, पिशव्या, टेम्पोचें भाडें व मास्क हा खर्च वजा जातां शिल्लक बेताचीच राहिली, पण राहिली. गिऱ्हाइकानें जें अधिक दिलें, तें मेथीच्या चवीबद्दल नव्हे. माल अनेक हातांतून गेला नाहीं, पैसे मोबाइलवरून चुकते झाले, व ठरल्या वेळीं पिशवी फाटकाशीं आली, ह्या निर्धास्तपणाबद्दल होय.

पुढें आमचेंच चुकलें. मागणी वाढतांच पिशवीच्या तळाशीं कोमेजलेल्या जुड्या जाऊं लागल्या. आम्हीं तें पाहिलें, परंतु शेजाऱ्यांस दुखवूं नये म्हणून गप्प राहिलों. मंडया उघडतांच मागणी बंद पडली. भीति ओसरल्यावर कांहीं गिऱ्हाइकें जाणारच होतीं. परंतु जीं टिकलीं असतीं, तींही आम्हीं घालविलीं.

सबब शेतकरी बंधूंस आमची विनंति एवढीच कीं, दुसऱ्या सांथीची वाट न पाहतां माल निवडून द्यावा, पिशवीवर गटाचें नांव व तोडणीची तारीख घालावी, आणि खराब जुडीचे पैसे विनातक्रार परत करावे. भीतीमुळें मिळालेला भाव भीतीबरोबरच गेला. भरंवशाचा भाव आपणांस मिळवावा लागेल. आमच्या गटानें आतां हा नियम केला असून परत केलेल्या पैशांसाठीं वहींत निराळें पान घातलें आहे.