ओवी वाचून पुढे काय?

नांदेड-लातूरकडच्या माणसाला ग्रंथाभोवती एकत्र बसणं नवं नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथसाहेबाकडे सोपवलं ते नांदेडलाच, आणि सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण लावणारी गावंही या भागात पुष्कळ. त्याच मुलखात ख्रिस्ती मंडळींची संगती सभा भरते. रविवारची उपासना चर्चमध्ये होते. ही सभा मात्र बहुधा कुणाच्या तरी घरी, माणसं कामावरून परतल्यावर.

सतरंजी अंथरलेली असते. आधी पेटी-ढोलकीवर गीतं होतात, मग पवित्र शास्त्रातला एखादा अध्याय. त्यातली वचनं, म्हणजेच ओव्या, आळीपाळीने वाचतात. वाचता न येणारी आजी आपल्या वाट्याची ओवी नातवाकडून ऐकते आणि मोठ्याने म्हणते. मग पाळक विचारतात: हे कोण बोलतंय? कुणाला? आपल्या घरात याचं काय करायचं? पारायणात ग्रंथ पूर्ण होण्याला मोल असतं, इथे चार ओव्यांवर तास गेला तरी चालतो. कुणी आपल्या श्रद्धेच्या अनुभवाची साक्ष देतं, कुणी आजाऱ्यासाठी, पावसासाठी, मुलीच्या परीक्षेसाठी प्रार्थना मागतं. मग चहा.

या सतरंजीचं मोल कळायला मराठवाड्याचा इतिहास आठवावा लागतो. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले. सालारजंग निजामाचे दिवाण असताना जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. ज्या मांग-महार कुटुंबांना धर्मग्रंथाच्या जवळही बसू दिलं जात नव्हतं, त्यांच्या हाती पुस्तक आलं आणि त्याचा अर्थ विचारण्याचा हक्कही आला. मला या हक्काचं मोल पुस्तकाहून अधिक वाटतं.

अक्षरओळख नसलेल्यांपर्यंत वचन पोचलं ते गाण्यातून. १८६०च्या दशकात अहमदनगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनं लिहिली. त्यामुळे येशूची कथा मराठी कानाला परकी राहिली नाही, आणि सभेत गाणं आधी, वाचन नंतर, हा क्रम मला योग्यच वाटतो.

भाषेचा प्रश्न उरलाच होता. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. जड संस्कृत शब्द टाळून साध्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायका-मुलींनीच खिळे जुळवले. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि १९२४ साली संपूर्ण बायबल छापून झालं.

म्हणून आज लातूरच्या एखाद्या घरात कुणी बाई ओवी मध्येच थांबवून ‘हे मला कळलं नाही’ म्हणते, तेव्हा पाळकांनी घड्याळ बघू नये. अध्याय अर्धा राहिला तर पुढच्या आठवड्यात घ्यावा.