वेग सगळ्यांचाच, अडवायचं कोणाला?

न्यू जर्सीच्या टर्नपाइक या महामार्गावर वेगमर्यादा पाळणारी गाडी शोधून काढावी लागते. मानसशास्त्रज्ञ जॉन लॅम्बर्थ यांनी 1990च्या दशकात तिथली वाहतूक मोजली, तेव्हा 98 टक्क्यांहून अधिक गाड्या मर्यादा ओलांडून पळत होत्या. कृष्णवर्णीय माणसं असलेल्या गाड्या सुमारे 13.5 टक्के होत्या, पण पोलिसांनी अडवलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास निघालं. 'नियम पाळणाऱ्याला पोलीस कशाला त्रास देतील?' असं अमेरिकेतही सर्रास म्हटलं जातं. पण टर्नपाइकवर नियम जवळजवळ सगळेच मोडत होते. त्यांतून कोणाला बाजूला घ्यायचं, हे मात्र पोलीस ठरवत होते.

ही निवड करायला कायद्यानं मुभाही दिली आहे. कातडीचा रंग पाहून गाडी अडवली, तर न्यायालय ती कारवाई लगेच रद्द करत असेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात 1996 साली 'रेन विरुद्ध अमेरिका' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की वाहतुकीचा नियम खरोखर मोडला असेल तर गाडी थांबवणं वैध ठरतं. पोलिसाच्या मनात दुसरंच काही होतं का, हे झडतीविषयीच्या घटनादुरुस्तीखाली पाहिलं जाणार नाही. भेदभावाची तक्रार समान संरक्षणाच्या कलमाखाली करता येते. पण तिथे हेतू सिद्ध करावा लागतो, आणि तो काही चलनावर लिहिलेला नसतो.

मग निमित्तांना तोटा कसला? मागचा दिवा बंद, इंडिकेटर उशिरा दिला. मिनेसोटातले कृष्णवर्णीय गृहस्थ फिलँडो कॅस्टिल यांना सुमारे 13 वर्षांत किमान 46 वेळा अडवलं गेलं होतं. जुलै 2016मध्ये मागच्या दिव्याचं कारण सांगून त्यांची गाडी थांबवण्यात आली आणि पोलिसाच्या गोळ्यांनी त्यांचा जीव गेला. तो पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला.

'कृष्णवर्णीयांकडे माल सापडतो, म्हणून झडती होते' हा युक्तिवाद तर पोलिसांच्याच नोंदींनी खोडून काढला. 1992 साली रॉबर्ट विल्किन्स हे कृष्णवर्णीय वकील आजोबांच्या अंत्यविधीहून कुटुंबासह परतत असताना मेरीलँडमध्ये त्यांची गाडी थांबवली गेली. झडतीला त्यांनी नकार दिला, तेव्हा कुत्रा आणून गाडी हुंगवली गेली, आणि तोवर हे कुटुंब पावसात उभं होतं. मिळालं काहीच नाही. विल्किन्स यांनी दावा लावला. 1995च्या तडजोडीत राज्य पोलिसांना झडत्यांची वंशनिहाय नोंद ठेवणं भाग पडलं. त्या नोंदींत झडती झालेल्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. बेकायदा माल सापडण्याचं प्रमाण मात्र कृष्णवर्णीय आणि गोरे, दोन्हींत 28 टक्क्यांच्या आसपास! (विल्किन्स आज वॉशिंग्टनच्या संघराज्य अपील न्यायालयात न्यायाधीश आहेत.)

'धावत्या गाडीतल्या माणसाचा रंग दिसतो तरी कसा?' ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर शोधणारी पद्धत फार हुशार आहे. संध्याकाळी सात वाजता उन्हाळ्यात उजेड असतो, हिवाळ्यात काळोख. त्या वेळी रस्त्यावरची माणसं साधारण तीच, घड्याळ तेच. बदलतो फक्त प्रकाश. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभरात गाड्या अडवल्याच्या जवळपास 10 कोटी नोंदी जमवून 2020 साली निष्कर्ष छापले. अडवलेल्यांतला कृष्णवर्णीयांचा वाटा अंधार पडल्यावर घटत होता. दर वेळी रंग दिसत असेल असं नाही, पण दिसतो तेव्हा फरक पडतो.

एखादा वर्णद्वेष्टा पोलीस शोधून काढला की प्रश्न मिटला, असंही नाही. जानेवारी 2023मध्ये मेंफिसमध्ये टायर निकल्स या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी अडवून त्याला बेदम मारहाण झाली आणि तीन दिवसांनी तो गेला. खुनाचे आरोप ठेवलेले पाचही पोलीस कृष्णवर्णीयच होते. एकेका मनातला द्वेष मोजत बसण्यापेक्षा पथकाला कुठल्या वस्तीत धाडलं जातं आणि त्याच्याकडून काय अपेक्षिलं जातं, हे तपासणं अधिक उपयोगाचं.

राहता राहिली भीती: गाड्या अडवणं कमी केलं तर अपघात वाढतील. नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिल शहरात 2013पासून पोलिसांनी दिवे, कागदपत्रं अशा बाबींवरचं लक्ष कमी करून वेग, सिग्नल तोडणं आणि दारू पिऊन गाडी चालवणं यांवर भर दिला. पुढे झालेल्या अभ्यासात अपघाती मृत्यू घटल्याचं, वांशिक तफावत कमी झाल्याचं आणि गुन्हे न वाढल्याचं आढळलं. फिलाडेल्फियानं 2022पासून आठ किरकोळ कारणांसाठी गाडी अडवणंच बंद केलं. एखादा ब्रेकलाइट बंद असणं आणि आरशाला काही टांगलेलं असणं ही त्यांतलीच दोन.