टायर बदलताना पाच फोटो काढा आणि पक्कं बिल घ्या



खरीप तोंडावर आलाय. बीजप्रक्रिया, उगवण चाचणी, खताचं नियोजन यावरचे मेसेज चालूच आहेत. आजचा मेसेज पिकाचा नाही, ट्रॅक्टरच्या चाकाचा आहे. गेल्या वर्षी आमच्या घरची पेरणी यापायीच लांबली, म्हणून लिहितेय. या दिवसांत बरेच जण टायर बदलतात, तेव्हा पाच मिनिटं काढून वाचा.

*काय झालं?*

गेल्या मे महिन्याच्या शेवटी आमच्या ट्रॅक्टरचा मागचा उजवा टायर बाजूनं फाटला. गेटर टाकून भागण्यासारखं नव्हतं. आप्पा (माझे वडील) नेहमीच्या गॅरेजला गेले. नवा टायर, नवी ट्यूब आणि मजुरी धरून वीस हजारांच्या पुढं खर्च आला. गॅरेजवाल्यानं विचारलं, "काका, बिल पाहिजे का? मग जीएसटी लागेल." आप्पा म्हणाले, "राहू दे रे, तू काय परका आहेस का?" त्यानं वहीच्या पानावर आकडे लिहून दिले. त्यावर तारीख नाही, टायरचा नंबर नाही, सही नाही.

आठवड्यानं आप्पा शेणखताची ट्रॉली घेऊन निघाले होते. समोरून येणारा शेजारी ओरडला, "चाक बघा, चाक!" उतरून बघतात तर आठपैकी दोन नट गायब, बाकीचे हातानं फिरतायत. डिस्कची भोकं लांबट झालेली, बोल्टचे आटे गेलेले. डिस्कचा काठ एका जागी आत वाकलेला आणि त्यावर घणाचे ठोके. तिथं ट्यूब चिमटत होती, म्हणून रोज थोडी हवा उतरायची. आप्पांना वाटत होतं वॉल लीक आहे.

त्या दिवशी खतावर दोन मजूर बसलेले होते. पुढं पुलाचा उतार होता. चाक तिथं निखळलं असतं तर काय झालं असतं, हे आप्पा अजून बोलत नाहीत.

*मग वाद सुरू झाला*

गॅरेजवाला म्हणाला, "आम्ही नट आवळूनच दिले होते. तुम्ही ट्रॉली जास्त भरली. हवा जात असेल तर टायर कंपनीला विचारा." टायरच्या डीलरकडं गेलो तर तो म्हणाला, "बिल दाखवा, बिलावर टायरचा नंबर पाहिजे." तसंही टायरची वॉरंटी बनवण्यातल्या दोषापुरती असते. बसवताना झालेली इजा किंवा वाकलेली डिस्क तिच्यात बसत नाही. म्हणजे गॅरेजवाला डीलरकडं बोट दाखवतो, डीलर गॅरेजकडं, आणि मधे आपण. मी बोलायला गेले तर मला ऐकवलं, "ताई, तुम्ही पिकाचं सांगा, हे आमचं काम आहे."

दोन गोष्टींनी मार्ग निघाला. टायर फाटला त्या दिवशी चुलत भावानं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात डिस्कचा काठ सरळ दिसत होता आणि मेसेजवर तारीख होती. दुसरं म्हणजे आम्ही ट्रॅक्टर एजन्सीच्या वर्कशॉपमधल्या एका मिस्त्रींना दोन्ही बाजूंसमोर चाक दाखवलं. ते म्हणाले, "काठावरचे ठोके ताजे आहेत. साबणाचं पाणी न लावता टॉमीनं जबरदस्तीनं टायर चढवलाय. भोकं मात्र ढिल्या नटांवर चाक चालल्यानं लांबली." मग आप्पांकडं वळून विचारलं, "काका, चाक बसवल्यावर दुसऱ्या दिवशी नट परत आवळले होते का?"

आप्पा गप्प. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं आहे. पुस्तिका घरात कपाटावर होती.

शेवटी डिस्कचा खर्च अर्धा-अर्धा झाला, मजुरी त्यानं माफ केली, बोल्ट आणि ट्यूब आम्ही घेतली. पण यात नऊ दिवस गेले. तेवढ्यात चांगला पाऊस झाला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं मीच तुम्हाला दरवर्षी सांगते. तेवढा पाऊस झाला, वाफसा आला, शिवारात सगळ्यांची पेरणी चालू आणि आमचा ट्रॅक्टर जॅकवर. भाड्याच्या ट्रॅक्टरचा नंबर लागेपर्यंत पुन्हा पाऊस सुरू झाला.

*नट ढिले का होतात?*

डिस्क आणि हब यांच्यामध्ये माती, गंज किंवा रंगाचा थर राहिला तर नट आवळलेले वाटतात. चाक चाललं, भार आला की तो थर दबतो, डिस्क जागेवर बसते आणि नटाची पकड कमी होते. मग डिस्क बोल्टवर थोडी थोडी हलायला लागते आणि भोकं खाते. म्हणून बसवताना दोन्ही बाजू पुसून घ्यायच्या आणि नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे. तास-दोन तास काम झालं की परत आवळायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघायचे. नेमका जोर किती द्यायचा ते आपापल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतं.

पहिलं आवळणं आणि ‘परत आवळा’ हे सांगणं गॅरेजवाल्याचं काम. परत आवळणं आपलं काम. आमच्याकडं दोन्ही बाजूंनी चूक झाली, म्हणून अर्ध्यावर मिटलं.

*पाच फोटो*

गॅरेजला गेल्यावर मोबाईल खिशातून बाहेर काढा:

१. काम सुरू होण्याआधी पूर्ण चाक, डिस्कचा काठ दिसेल असा.
२. टायर उतरवल्यावर रिकामी डिस्क. गंज, तडा, वाकलेलं काही असेल तर तेव्हाच गॅरेजवाल्याला दाखवा.
३. नव्या टायरच्या बाजूवरचा साइज आणि नंबर. तारखेचे शेवटचे चार आकडे बघा. २३२५ असेल तर तो टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. फार जुना पडून असलेला टायर घेऊ नका.
४. चाक बसल्यावर सगळे नट.
५. बिल.

हे फोटो घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. तारीख आपोआप राहते, फोन हरवला तरी फोटो सापडतात.

*बिलाचं काय?*

"बिल घेतलं तर टॅक्स लागेल" हे ऐकून आपण मागं सरतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झालाय. वीस हजारांच्या टायरवर हजार रुपये. तेवढ्यासाठी वॉरंटी सोडू नका. बिलावर तारीख, टायरची कंपनी, साइज, नंबर, ट्यूब आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. शक्यतो पैसे यूपीआयनं द्या, त्याचीही नोंद राहते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, त्यामुळं बिल मागायला लाजू नका.

*बिघाड दिसला तर*

▪️ ट्रॅक्टर तिथंच थांबवा. "शेतापर्यंत नेतो" म्हणून चालवला तर नुकसान वाढतं आणि आपली बाजूही पडते.
▪️ तुटलेला बोल्ट, जुनी ट्यूब, वाकलेली डिस्क भंगारात देऊ नका. तोच पुरावा.
▪️ दुसऱ्या गॅरेजला ठोकाठोकी करायला देऊ नका. आधी पहिल्या गॅरेजवाल्याला दाखवा, फोटो आणि म्हणणं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.
▪️ दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या मिस्त्रीला दाखवा. त्यानं काय बघितलं ते कागदावर घ्या.

एवढं करून नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी शेती करणारा शेतकरी कायद्यानं ग्राहकच आहे.

पण आयोगापर्यंत जायची वेळ येऊच नये. आमचा गॅरेजवाला वाईट माणूस नाही. पेरणीच्या हंगामात रात्री दहाला फोन केला तरी येतो, उधारीही देतो. आप्पा आजही त्याच्याकडंच जातात. फरक एवढाच की आता तो स्वतःहून म्हणतो, "काका, उद्या नट आवळून घ्या," आणि बिल न मागता फाडतो. तोंडओळखीवर चाललेला व्यवहार कागदावर आला, तर ओळख तुटत नाही, उलट टिकते.

*आज संध्याकाळी एवढं करा:* पाना घ्या, चारही चाकांचे नट तपासा, हवा बघा आणि पुस्तिका कपाटावरून खाली काढा. बिलावर काय काय असावं याचा नमुना हवा असेल तर या नंबरवर ‘बिल’ असं लिहून पाठवा, मी फोटो पाठवते.

पुढचा मेसेज सोयाबीनच्या उगवण चाचणीवर. काळजी घ्या.

– तुमची कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी