शिवसागरावरचा तराफा

सातारा जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही जीपगाडी पाण्यावरून पैलतीराला नेण्याचे काम येथे वर्षानुवर्षे चालत आले आहे. महाबळेश्वरहून घाट उतरून तापोळ्यास जा, किंवा साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीस जा. रस्ता पाण्याच्या काठाशी येऊन थांबतो. समोर पसरलेला असतो कोयनेचा शिवसागर जलाशय. १९६०नंतरच्या दशकात धरणाचे पाणी अडले, खोऱ्यातील गावे उठली आणि डोंगरउतारावर उरलेल्या वाड्या दोन काठांना विभागल्या गेल्या. रस्त्याने वळसा घ्यावा तर डोंगर आडवे. म्हणून माणसांसाठी लाँच आणि वाहनांसाठी तराफा.

तराफा म्हणजे लोखंडी पत्र्याची उथळ, रुंद आणि पोकळ पेटी. तिच्यावर सपाट तक्तपोशी. दिसायला अगदी ओबडधोबड. पण तिच्यावर जीप चढते, मोटारसायकली चढतात, सिमेंटची पोती, शाळेचे मास्तर, बाजाराला निघालेली मंडळी, आणि कधी अवेळी एखादा आजारी माणूसही. ही पेटी एवढे ओझे कसे पेलते?

थोडे गणित करू. समजा, तराफा १२ मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. तो १ सेंटिमीटर अधिक बुडाला, तर ०.६ घनमीटर, म्हणजे ६०० किलोग्रॅम पाणी बाजूला सारतो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तेवढेच वजन तो जास्त पेलतो. १८०० किलोग्रॅमची जीप आली, की तो अवघा ३ सेंटिमीटर खाली जातो! ५० किलोग्रॅमची ६० माणसे चढली, तर ५ सेंटिमीटर. वजनाची भीती आपल्याला वाटते तेवढी मुळीच नाही.

भीती आहे ती वजन कोठे बसते याची. हीच ६० माणसे देखावा पाहण्यासाठी एका कडेला धावली, म्हणजे मध्यरेषेपासून सरासरी २ मीटर सरकली, तर काय होईल? जीप धरून एकूण वजन २० टनांच्या आसपास आणि गुरुत्वमध्य फार उंच नाही असे मानले, तर तराफा सुमारे साडेतीन अंशांनी कलतो आणि ती कडा आणखी १५ सेंटिमीटर खाली जाते. माणसे तीच, वजन तेच. पण कड बुडण्याचे माप चौपट झाले. तराफ्याची कड पाण्यावर जेमतेम वीतभर उरली असेल, तर पुढचे सांगायला नको.

कललेला तराफा पुन्हा सरळ होतो तो मुख्यतः रुंदीमुळे. बुडालेल्या बाजूला जास्त पाणी सारले जाते आणि तेथील पाणी त्याला वर रेटते. सावरण्याची ही शक्ती रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. रुंदी निम्मी केली तर ती आठव्या हिश्श्यावर येते. आपल्या नावाड्यांना हे सूत्र न मांडताच ठाऊक होते. अवजड माल न्यायचा असला, की ते दोन नावा शेजारी शेजारी बांधीत. तिला म्हणत सांगड. ‘सांगड घालणे’ हा आपला रोजचा शब्दप्रयोग या पाण्यातलाच आहे.

हीच कोयना पुढे कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि कृष्णा सांगलीकडे जाते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी, महापुरात, सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. अरुंद नाव, काठोकाठ भार आणि घाबरलेली माणसे; मग एवढासा कलही पुरतो.

जुन्या तराफ्याला आणखी एक शत्रू असतो: आत झिरपलेले पाणी. पत्रा गंजतो, आणि पाणी व हवा दोन्ही जेथे आळीपाळीने लागतात त्या रेषेजवळ अधिक गंजतो. तळ काठावरच्या दगडांना घासतो. आत चार बोटे पाणी साचले, तर त्याच्या वजनाने फारसे बिघडत नाही. पण परातीत पाणी घेऊन चालून पहा! परात जरा कलली, की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. म्हणूनच तरंगत्या पेटीत आडव्या-उभ्या भिंती घालून कप्पे पाडतात. साचलेले पाणी कप्प्यातच अडते आणि एके ठिकाणी भोक पडले तरी बाकीचे कप्पे कोरडे राहतात. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या, एकात पुठ्ठ्याच्या मेण लावलेल्या भिंती बसवा, दोन्हींत सारखे पाणी ओता आणि बादलीत तरंगत ठेवून कडेवर एकेक नाणे ठेवीत जा.

तराफ्याचा काठ मात्र कायमचा नसतो. पावसाळा संपता जलाशय तुडुंब असतो. मग वीज आणि सिंचनासाठी पाणी जाऊ लागते आणि पातळी कित्येक मीटर उतरते. उन्हाळ्यात बुडालेल्या शेतांचे बांध उघडे पडतात. तराफा लावण्याची जागा पाण्यामागोमाग खाली सरकते, चढ वाढतो, माती भुसभुशीत. जीपची पुढची चाके फळीवर चढताच तराफ्याचे ते टोक दबते आणि दुसरे उचलते. म्हणून पहिली गाडी टोकाशी न थांबवता मध्यावर नेतात व दुसरी आली, की तोल पाहून मागेपुढे घेतात.

या जलाशयावर आता पुलांची कामे हाती घेण्यात आली आहेत. त्यांच्या खांबांना, उन्हाळी पातळी आणि पावसाळी पातळी, दोन्ही काठांचा विचार करूनच उभे राहावे लागते.